थायरॉईडची स्वयंप्रतिरक्षा व स्त्री वंध्यत्व

थायरॉईडची स्वयंप्रतिरक्षा (अवटु स्वयंप्रतिरक्षा) ही शरीराच्या रोगप्रतिकारक यंत्रणेतील अशी स्थिती आहे की जिच्यात लसिका पेशी स्वतःच्याच थायरॉईड ग्रंथीतील प्रथिनांना परकी समजून त्यांच्याविरुद्ध प्रतिसाद देतात. हाशिमोटो अवटुशोथ आणि ग्रेव्ह्ज रोग हे तिचे दोन प्रमुख आविष्कार होत. प्रजननक्षम वयातील स्त्रियांमध्ये थायरॉईडच्या कमी कार्याचे हे सर्वांत सामान्य कारण आहे, विशेषतः जेथे आहारात आयोडीन पुरेसे आहे तेथे. वंध्यत्व, वारंवार होणारे गर्भपात, अंडाशयाचे कार्य अकाली मंदावणे आणि प्रसूतीनंतरचा अवटुशोथ यांच्याशी तिचा संबंध आढळलेला आहे. हा संबंध कार्यकारणाचा आहे की केवळ सहअस्तित्वाचा, हा या विषयातील मध्यवर्ती वाद आहे. उपचाराचे बहुतेक प्रश्न त्याच्या उत्तरावर अवलंबून आहेत.

बारा महिने गर्भनिरोधकाविना नियमित संबंध राहूनही गर्भधारणा न झाल्यास जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार त्यास वंध्यत्व म्हणतात. ही व्याख्या जोडप्याची आहे, एकट्या स्त्रीची नाही. मराठी समाजात 'वांझ' हा शब्द मात्र स्त्रीलाच लावला जातो. त्यास पुल्लिंगी जोड नाही, आणि तपासणीची सुरुवातही बहुधा तिच्यापासूनच होते.

== संज्ञा ==

मराठी वैद्यकीय लेखनात थायरॉईडला अवटु ग्रंथी म्हणतात. बोलीत 'थायरॉईड' हा शब्द ग्रंथीसाठी व आजारासाठीही वापरला जातो. 'मला थायरॉईड आहे' या वाक्यावरून ग्रंथीचे कार्य वाढले आहे की घटले आहे, हे कळत नाही. ग्रंथीच्या सुजेला गलगंड म्हणतात. मानेतील लसिका गाठींच्या सुजेसाठी वापरला जाणारा गंडमाळ हा शब्द त्याहून वेगळा असून या दोहोंची गल्लत जुन्या लेखनातही आढळते. स्वयंप्रतिरक्षेत गलगंड असेलच असे नाही. पुष्कळ रुग्णांत ग्रंथी आकाराने नेहमीएवढी किंवा आक्रसलेली असते आणि रक्तातील प्रतिपिंडे हीच आजाराची एकमेव खूण असते.

ज्या स्त्रीच्या रक्तात थायरॉईडविरोधी प्रतिपिंडे आहेत, परंतु संप्रेरकांची पातळी सामान्य आहे, तिला 'समअवटु' म्हटले जाते. प्रस्तुत विषयातील सर्वाधिक मतभेद याच गटाविषयी आहेत.

== इतिहास ==

जपानमधील क्यूशू विद्यापीठातील तरुण शल्यचिकित्सक हाकारू हाशिमोटो यांनी १९१२ मध्ये एका जर्मन नियतकालिकात चार स्त्रियांच्या थायरॉईड ग्रंथींचे वर्णन प्रसिद्ध केले. ग्रंथीच्या ऊतीत लसिका पेशींचे दाट थर साचलेले होते आणि संप्रेरक बनवणाऱ्या पुटकांचा ऱ्हास झालेला होता. पुढे हाशिमोटो आपल्या गावी परतून वैद्यकीय व्यवसाय करू लागले आणि १९३४ मध्ये विषमज्वराने त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाने हा रोग जगभर ओळखला जाऊ लागला तो त्यानंतर.

लसिका पेशी तेथे का जमतात, याचा उलगडा १९५६ मध्ये झाला. लंडनमध्ये आयव्हन रॉइट, डेबोरा डोनियाक व त्यांच्या सहकाऱ्यांना हाशिमोटो रुग्णांच्या रक्तात थायरोग्लोब्युलिन या ग्रंथीतील प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे आढळली. त्याच वर्षी अमेरिकेत नोएल रोझ व अर्न्स्ट विटेब्स्की यांनी सशांना थायरॉईडचाच अर्क टोचून त्यांच्यात अवटुशोथ निर्माण करून दाखवला. शरीर स्वतःविरुद्ध प्रतिसाद देत नाही, अशी तोवरची ठाम समजूत होती. ती या प्रयोगांनी मोडली. न्यूझीलंडमध्ये ॲडम्स व पर्व्हेस यांनी १९५६ मध्येच ग्रेव्ह्ज रोग्यांच्या रक्तात थायरॉईडला दीर्घकाळ चेतवणारा घटक नोंदवला. तो घटक म्हणजे टीएसएच ग्राहीविरुद्धचे प्रतिपिंड होय, हे नंतर सिद्ध झाले. 'मायक्रोसोमल प्रतिजन' या नावाने ओळखला जाणारा दुसरा लक्ष्यघटक हा थायरॉईड पेरॉक्सिडेज (टीपीओ) हे विकर असल्याचे १९८५ च्या सुमारास स्पष्ट झाले. आजची टीपीओ चाचणी त्यावर आधारलेली आहे.

थायरॉईड व अंडाशय यांना एका सूत्रात बांधणारा धागा मात्र वेगळ्याच ठिकाणाहून आला. जपानमधील निशिझुका व साकाकुरा यांनी १९६९ मध्ये असे दाखवले की, जन्मानंतर तिसऱ्या दिवशी उंदराच्या मादीची थायमस ग्रंथी काढल्यास तिचे अंडाशय पुढे नष्ट होतात. प्रथम हा संप्रेरकांचा परिणाम वाटला. प्रत्यक्षात तो स्वयंप्रतिरक्षेचा होता. शिमोन साकागुची यांनी या कोड्याचा पाठपुरावा केला. स्वतःला आवर घालणाऱ्या टी पेशींचा एक गट काढून टाकल्यास उंदरांत अवटुशोथ, जठरशोथ आणि अंडाशयशोथ हे रोग निर्माण होतात, असे त्यांच्या प्रयोगांतून दिसले. १९९५ मध्ये त्यांनी या पेशींची ओळख पटवली. नियामक टी पेशी म्हणून त्या आज परिचित आहेत. या शोधासाठी साकागुची यांना मेरी ब्रुन्को व फ्रेड रॅम्सडेल यांच्यासमवेत २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. एकाच पेशीगटाच्या अभावी थायरॉईड आणि अंडाशय ही दोन्ही इंद्रिये बळी पडतात, ही गोष्ट या विषयाच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

मनुष्यातील पहिली ठळक नोंद १९९० ची आहे. ॲलेक्स स्टॅग्नारो-ग्रीन व सहकाऱ्यांनी अमेरिकेत गर्भारपणाच्या पहिल्या तिमाहीतील ५५२ स्त्रियांची तपासणी केली. थायरॉईडविरोधी प्रतिपिंडे असलेल्यांपैकी १७ टक्के स्त्रियांचा गर्भपात झाला, नसलेल्यांपैकी ८.४ टक्के. अभ्यासकांना मुळात शोधायचा होता तो प्रसूतीनंतरचा अवटुशोथ. गर्भपाताचा हा दुप्पट दर अनपेक्षितपणे हाती आला.

== ग्रंथीतील पेशींचे वर्तन ==

सामान्य स्थितीत स्वतःच्या प्रथिनांना प्रतिसाद देणाऱ्या टी पेशी थायमसमध्येच नष्ट केल्या जातात. ही गाळणी परिपूर्ण नसते. तीतून निसटलेल्या पेशींवर नियामक टी पेशींचा धाक असतो. जनुकीय कल आणि परिस्थितीजन्य कारणे एकत्र आली की हा धाक कमी पडतो. एचएलए-डीआर, सीटीएलए-४ व पीटीपीएन२२ या जनुकांच्या काही रूपांत धोका वाढतो. आयोडीनचा अतिरेक, प्रसूती आणि काही औषधे ही परिस्थितीजन्य कारणांपैकी होत. स्त्रियांमध्ये हा आजार पुरुषांच्या कित्येक पट अधिक आढळतो.

ग्रंथीत शिरलेल्या सहायक टी पेशी इंटरफेरॉन-गॅमा हे सायटोकाइन स्रवतात. त्याच्या प्रभावाखाली थायरॉईडच्या पेशी आपल्या पृष्ठभागावर एरवी केवळ प्रतिरक्षा पेशींवर असणारे दुसऱ्या वर्गाचे एचएलए रेणू धारण करू लागतात. हे निरीक्षण बोटाझो, हानाफुसा व सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये लंडनमध्ये नोंदवले. म्हणजे हल्ल्याचे लक्ष्य असलेली पेशीच आपले प्रतिजन हल्लेखोरांपुढे मांडू लागते आणि आग स्वतःच भडकत जाते. या पेशींनी स्रवलेली केमोकाइने रक्तातून आणखी लसिका पेशी खेचून आणतात. कालांतराने लसिका गाठीत असतात तशी जननकेंद्रे थायरॉईडच्याच ऊतीत तयार होतात आणि तेथे बी पेशी प्रतिपिंडे बनवू लागतात.

ऊतीचा प्रत्यक्ष नाश मुख्यतः मारक टी पेशी करतात. त्या पर्फोरिनसारख्या प्रथिनांनी पेशीपटलाला भोके पाडतात किंवा पेशीला आत्मनाशाचा संकेत देतात. टीपीओ प्रतिपिंडे पूरक प्रथिनांना जागृत करू शकतात, परंतु हाशिमोटो रोगात त्यांच्याकडे विनाशाचे प्रमुख साधन म्हणून पाहिले जात नाही. चाललेल्या लढाईचा तो धूर आहे, असे म्हणता येईल. ग्रेव्ह्ज रोगात स्थिती उलट असते. तेथे प्रतिपिंड हेच रोगाचे कारण असून ते टीएसएचप्रमाणे ग्राहीवर बसून ग्रंथीला अविरत काम करायला लावते. हा भेद पुढे गर्भाच्या बाबतीतही महत्त्वाचा ठरतो. दोन्ही प्रकारची प्रतिपिंडे वार ओलांडतात, पण टीपीओ प्रतिपिंडांनी गर्भाच्या थायरॉईडला सहसा अपाय होत नाही, तर ग्राहीला चेतवणारी प्रतिपिंडे गर्भातही अतिक्रियता निर्माण करू शकतात.

प्रक्षोभक 'टीएच१७' पेशी व नियामक टी पेशी यांच्या प्रमाणातील बिघाड हाशिमोटो रुग्णांत अनेक अभ्यासांत दिसला आहे. तसाच बिघाड वारंवार गर्भपात होणाऱ्या स्त्रियांतही नोंदवला गेला आहे.

== अंडाशयावरील परिणाम ==

थायरॉईडचे कार्य उघडपणे घटलेले असेल तर कारण शोधण्यास प्रतिरक्षेकडे जावे लागत नाही. मेंदूतील अधोथॅलॅमस टीआरएच हे संप्रेरक अधिक स्रवतो, त्याने प्रोलॅक्टिन वाढते आणि अंडमोचन विस्कळीत होते. पाळी लांबते किंवा अतिस्राव होतो. लेव्होथायरॉक्सिन दिल्यावर हे बहुतांशी पूर्ववत होते. या टप्प्यावर वाद नाही.

समअवटु स्त्रीबाबत तीन स्पष्टीकरणे दिली जातात. पहिले असे की, ग्रंथीची राखीव क्षमता कमी झालेली असते. गर्भारपणात थायरॉक्सिनची गरज सुमारे ३० ते ५० टक्क्यांनी वाढते आणि गर्भाची स्वतःची ग्रंथी पुरेशी कार्यरत होईपर्यंत, म्हणजे साधारण गर्भारपणाच्या मध्यापर्यंत, सारी भिस्त आईवर असते. सुजलेली ग्रंथी ही वाढीव मागणी पुरवू शकत नाही. कृत्रिम गर्भधारणेसाठी अंडाशयाला चेतवणारी औषधे दिली असता हा ताण गर्भधारणेपूर्वीच सुरू होतो.

दुसरे स्पष्टीकरण प्रतिपिंडांच्या थेट क्रियेचे आहे. इटलीतील मोंतेलेओने व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये अंडपेशीभोवतीच्या पुटकद्रवात थायरॉईडविरोधी प्रतिपिंडे असल्याचे दाखवले. द्रवातील पातळी रक्तातील पातळीशी सुसंगत होती आणि या स्त्रियांत फलनाचा दर व भ्रूणांचा दर्जा कमी आढळला. अंडपेशीच्या पारदर्शक कवचाशी (झोना पेल्युसिडा) ही प्रतिपिंडे जुळत असावीत, असा तर्क केला जातो. त्यास एक अप्रत्यक्ष आधार असा की, शुक्राणू थेट अंडपेशीत सोडण्याच्या इक्सी पद्धतीत, जेथे कवच भेदण्याचा प्रश्नच येत नाही, प्रतिपिंडे असलेल्या व नसलेल्या स्त्रियांच्या निष्पत्तीत २०१८ च्या एका एकत्रित विश्लेषणात फरक दिसला नाही.

तिसरे स्पष्टीकरण सर्वांत व्यापक आहे. थायरॉईड प्रतिपिंडे ही स्वतः दोषी नसून प्रतिरक्षेच्या एकूण असंतुलनाची साक्षीदार आहेत, असे ते मानते. अंडाशयाच्या अकाली निष्क्रियतेत, बहुपुटीय अंडाशय विकृतीत (पीसीओएस) आणि एंडोमेट्रिओसिसमध्ये थायरॉईड स्वयंप्रतिरक्षेचे प्रमाण अधिक असते, ही गोष्ट या मताला पूरक आहे. जर्मनीतील एका अभ्यासात (२००४) पीसीओएस असलेल्या सुमारे २७ टक्के स्त्रियांत अवटुशोथाच्या खुणा होत्या, तर तुलनेच्या गटात सुमारे ८ टक्क्यांत.

== गर्भाशय व गर्भधारणा ==

गर्भाचे निम्मे प्रतिजन पित्याकडून आलेले असतात. तरीही आईची प्रतिरक्षा त्याला झुगारत नाही, हे कोडे पीटर मेडावर यांनी १९५३ मध्ये मांडले होते. त्याच्या उत्तराचा एक भाग नियामक टी पेशी हा आहे. त्या नसलेल्या उंदरांच्या माद्यांत परक्या नराचा गर्भ टिकत नाही, हे २००४ मध्ये दाखवण्यात आले. ज्या पेशी थायरॉईडचे रक्षण करतात त्याच गर्भाचेही करतात. म्हणून एका ठिकाणची त्रुटी दुसऱ्या ठिकाणी उमटणे तर्काला धरून आहे, मात्र मनुष्यात याचा थेट पुरावा अजून तुटपुंजा आहे.

नैसर्गिक मारक पेशींबद्दल (एनके पेशी) बराच गैरसमज आहे आणि त्यास त्यांचे नावही कारणीभूत आहे. गर्भाशयाच्या अंतःस्तरातील एनके पेशी रक्तातील एनके पेशींहून गुणधर्माने वेगळ्या असतात. त्या गर्भाला मारत नाहीत, उलट वारेला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या रुंद करण्यास मदत करतात. थायरॉईड स्वयंप्रतिरक्षा असलेल्या स्त्रियांच्या रक्तात या पेशींची संख्या वा मारकता वाढल्याचे काही अभ्यास सांगतात. परंतु दंडातून काढलेल्या रक्तातील एनके पेशी मोजून गर्भाशयात काय चालले आहे हे कळत नाही. या चाचणीच्या आधारे दिले जाणारे महागडे प्रतिरक्षा उपचार बहुतेक मार्गदर्शक तत्त्वांनी नेहमीच्या वापरासाठी अमान्य केलेले आहेत.

प्राण्यांवरील प्रयोगांपैकी एक उल्लेखनीय आहे. उंदरांना मानवी थायरोग्लोब्युलिन टोचून प्रतिपिंडे निर्माण केली असता त्यांच्यात गर्भ विरून जाण्याचे प्रमाण वाढले (मटालोन व सहकारी, २००३). अंतःस्तरात व वारेत टीपीओ हे प्रथिन असल्याची नोंदही २०२१ मध्ये झाली आहे. म्हणजे प्रतिपिंडांना थायरॉईडबाहेरही लक्ष्य असू शकते.

गर्भारपणाच्या उत्तरार्धात प्रतिरक्षा सौम्य होते आणि प्रतिपिंडांची पातळी घसरते. प्रसूतीनंतर ती उसळी घेते. पहिल्या तिमाहीत टीपीओ प्रतिपिंडे असलेल्या स्त्रियांपैकी एक तृतीयांश ते निम्म्या स्त्रियांना प्रसूतीनंतरच्या वर्षात अवटुशोथ होतो. आधी धडधड, चिडचिड व वजन घटणे, नंतर थकवा, केस गळणे व उदासी असा त्याचा क्रम असतो. बाळंतिणीचा अशक्तपणा म्हणून तो अनेकदा दुर्लक्षिला जातो.

== कार्यकारणाचा वाद व औषधी चाचण्या ==

निरीक्षणात्मक अभ्यासांचा कौल बराच एकमुखी आहे. २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणात प्रतिपिंडे असलेल्या स्त्रियांत गर्भपाताची शक्यता लक्षणीय वाढलेली आढळली. इटलीतील रॉबेर्तो नेग्रो व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अशा गर्भवतींना लेव्होथायरॉक्सिन दिल्यास गर्भपात व अकाली प्रसूती घटते, असे प्रतिपादन केले. त्यानंतर दशकभर जगभरातील अनेक वंध्यत्व केंद्रांत थायरॉईड सामान्य असतानाही ही गोळी सर्रास दिली जाऊ लागली.

मोठ्या चाचण्यांनी हे चित्र पालटले. चीनमध्ये कृत्रिम गर्भधारणा करणाऱ्या ६०० समअवटु, टीपीओ प्रतिपिंडयुक्त स्त्रियांवर झालेल्या चाचणीत (२०१७) गर्भपाताचा दर औषध घेणाऱ्यांत १०.३ टक्के व न घेणाऱ्यांत १०.६ टक्के होता. ब्रिटनमधील 'टॅब्लेट' चाचणीत (२०१९) १९ हजारांहून अधिक स्त्रियांची तपासणी करून त्यांतून वंध्यत्वाचा वा गर्भपाताचा इतिहास असलेल्या ९५२ प्रतिपिंडयुक्त स्त्रिया निवडण्यात आल्या. गर्भधारणेपूर्वीपासून रोज ५० मायक्रोग्रॅम लेव्होथायरॉक्सिन घेणाऱ्यांपैकी ३७.४ टक्के स्त्रियांना जिवंत अपत्य झाले, औषधहीन गोळी घेणाऱ्यांपैकी ३७.९ टक्क्यांना. वारंवार गर्भपात झालेल्या स्त्रियांवरील युरोपीय चाचणीतही (२०२२) फायदा दिसला नाही. ती लहान होती, पण तिचा निष्कर्ष आधीच्यांशी जुळतो.

या निकालांचा अर्थ प्रतिपिंडे निरुपद्रवी आहेत असा नाही. संप्रेरक पुरवून प्रतिरक्षा बदलत नाही, एवढाच तो आहे. राखीव क्षमतेच्या पहिल्या स्पष्टीकरणाला त्यांनी धक्का दिला आणि तिसऱ्याचे वजन वाढवले.

== तपासणी व उपचार ==

टीएसएच ही पहिली चाचणी होय. ती वाढलेली वा सीमारेषेवर असल्यास मुक्त टी४ आणि टीपीओ प्रतिपिंडे तपासली जातात. प्रतिपिंडांची पातळी वारंवार मोजण्याने उपचार बदलत नाहीत, त्यामुळे एकदा होकारार्थी आल्यावर तो खर्च टाळता येतो. केसांच्या वाढीसाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांत बायोटिन मोठ्या मात्रेत असते. काही प्रयोगशाळांच्या पद्धतीत त्यामुळे टीएसएच खोटी कमी व टी४ खोटी जास्त दिसते. अशा गोळ्या तपासणीपूर्वी काही दिवस बंद ठेवाव्या लागतात.

उघड कार्यन्यूनतेत लेव्होथायरॉक्सिन आवश्यक आहे आणि गर्भधारणेची चाहूल लागताच मात्रा वाढवावी लागते. टीएसएच किंचित वाढलेली व प्रतिपिंडे असलेली स्त्री गर्भवती असेल वा कृत्रिम गर्भधारणा करवून घेत असेल, तर उपचाराकडे कल असतो. समअवटु स्त्रीला केवळ प्रतिपिंडांमुळे औषध द्यावे की नाही, यावर अमेरिकन थायरॉईड असोसिएशनने २०१७ मध्ये कृत्रिम गर्भधारणेपुरती मुभा ठेवली होती. युरोपीय प्रजनन संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शनात वारंवार गर्भपाताच्या संदर्भात ते देऊ नये, असे म्हटले आहे. औषध न देता गर्भारपणाच्या पूर्वार्धात दर चार आठवड्यांच्या सुमारास टीएसएच पाहणे हा मध्यम मार्ग सर्वमान्य आहे.

गोळी उपाशीपोटी घ्यावयाची असते. लोह व कॅल्शियमच्या गोळ्या तिचे शोषण रोखतात, म्हणून त्यांच्यात सुमारे चार तासांचे अंतर लागते. आरोग्य उपकेंद्रातून गर्भवतींना या दोन्ही गोळ्या मिळतात. तिन्ही सकाळी एकत्र घेतल्या गेल्या तर मात्रा योग्य असूनही टीएसएच उतरत नाही.

== महाराष्ट्रातील संशोधन ==

मुंबईत परळ येथे १९७० मध्ये स्थापन झालेली प्रजनन संशोधन संस्था (आजची राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्था) या विषयातील भारतीय संशोधनाचे एक प्रमुख केंद्र आहे. केईएम रुग्णालयाच्या सहकार्याने ६ ऑगस्ट १९८६ रोजी झालेल्या परीक्षानलिका बालिकेच्या जन्मात या संस्थेचा वाटा होता. अंडाशयाची अकाली निष्क्रियता असलेल्या स्त्रियांच्या रक्तात अंडपेशीच्या कवचाविरुद्धची व थायरॉईडच्या मायक्रोसोमल प्रतिजनाविरुद्धची प्रतिपिंडे एकाच वेळी तपासणारा अभ्यास तेथील संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केला. वृंदा खोले यांच्या गटाने पुढे अंडाशयविरोधी प्रतिपिंडांचे एक प्रमुख लक्ष्य 'एचएसपी९०-बीटा' हे प्रथिन असल्याचे दाखवले. परळमध्येच भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर असून थायरॉईड रोगांच्या निदान व उपचारांत ते १९६० च्या दशकापासून कार्यरत आहे.

मुंबई व गोवा यांसह आठ ठिकाणी झालेल्या व २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पाच हजारांहून अधिक प्रौढांपैकी १०.९५ टक्क्यांत थायरॉईडची कार्यन्यूनता आणि २१.८५ टक्क्यांत टीपीओ प्रतिपिंडे आढळली. ही पाहणी शहरी होती. ग्रामीण विदर्भाला तिचे आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत.

== बुलढाणा जिल्हा ==

अमरावती विभागातील बुलढाणा जिल्ह्यात १३ तालुके असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २५,८६,२५८ होती. जिल्ह्याच्या उत्तरेकडील पूर्णा खोऱ्याचा भाग खारपाण पट्ट्यात मोडतो. तेथील भूजल क्षारयुक्त आहे. पाणी खारे असणे आणि त्यात पुरेसे आयोडीन असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यामुळे आयोडीनयुक्त मिठाची गरज या पट्ट्यातही तेवढीच राहते. आयोडीनरहित खाद्य मिठाच्या विक्रीवर देशभर २००६ पासून बंदी आहे. आयोडीनची कमतरता दूर झालेल्या समाजात गलगंड घटतो आणि स्वयंप्रतिरक्षेचे प्रमाण काहीसे वाढते, असा अनुभव अनेक देशांत आला आहे. तरीही कमतरतेचे दुष्परिणाम, विशेषतः अर्भकाच्या मेंदूवरील, कितीतरी गंभीर असल्याने आयोडीनीकरणाचे पारडे जड राहते.

डिसेंबर २०२४ व जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुका व परिसरातील गावांत शेकडो लोकांचे केस अवघ्या काही दिवसांत गळून टक्कल पडल्याने जिल्हा देशभर चर्चेत आला. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पथकाने तेथे नमुने घेतले. विंचूदंशावरील संशोधनासाठी ख्यातकीर्त असलेले महाड येथील डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी स्वतंत्रपणे केलेल्या तपासणीत रुग्णांच्या रक्तात, लघवीत व केसांत सेलेनियम वाढलेले आणि जस्त कमी झालेले आढळले. शिधावाटप दुकानातील गव्हातून हे सेलेनियम आले असावे, असा निष्कर्ष त्यांनी मांडला.

ही घटना थायरॉईडच्या स्वयंप्रतिरक्षेची नव्हती, आणि तिच्यामुळे वंध्यत्व वाढल्याचा कोणताही पुरावा नाही. या लेखाच्या विषयाशी तिचा संबंध सेलेनियमपुरता आहे. थायरॉईड ग्रंथीत ग्रॅममागे सेलेनियमचे प्रमाण शरीरात सर्वाधिक असते. टी४ चे कार्यक्षम टी३ मध्ये रूपांतर करणारी विकरे व ग्रंथीला हायड्रोजन पेरॉक्साइडपासून वाचवणारी विकरे त्यावर चालतात. जर्मनीत २००२ मध्ये रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम दिल्याने टीपीओ प्रतिपिंडे घटल्याचे प्रसिद्ध झाल्यापासून 'थायरॉईडसाठी सेलेनियम' हा पूरक गोळ्यांचा मोठा बाजार उभा राहिला. प्रतिपिंडे घटली तरी गर्भधारणेचे प्रमाण वाढते, हे सिद्ध झालेले नाही. प्रतिपिंडयुक्त गर्भवतींना सेलेनियम देऊ नये, असे २०१७ च्या अमेरिकन मार्गदर्शनात नमूद आहे. या मूलद्रव्याची गरज व विषबाधा यांतील अंतर अरुंद आहे: प्रौढाची दैनिक गरज सुमारे ५५ मायक्रोग्रॅम, तर अमेरिकेत ग्राह्य धरलेली कमाल मर्यादा ४०० मायक्रोग्रॅम. ज्या परिसरात धान्यातूनच ते अधिक गेल्याचा संशय आहे, तेथे अशा गोळ्या रक्तातील पातळी न पाहता घेणे धोक्याचे ठरते. केस गळणे हे कार्यन्यूनतेचेही लक्षण आहे. पण तीत केस महिनोन्महिने विरळ होत जातात, आठवड्याभरात टक्कल पडत नाही.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१४ मध्ये गर्भवतींच्या थायरॉईड तपासणीसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांनुसार सरसकट सर्वांची नव्हे, तर जोखमीच्या गटातील गर्भवतींची टीएसएच तपासणी अपेक्षित आहे. वंध्यत्वाचा किंवा वारंवार गर्भपाताचा इतिहास, गलगंड आणि स्वयंप्रतिरक्षा रोग हे त्या गटाचे निकष आहेत. गर्भ राहिल्यावरच लागू होणाऱ्या या व्यवस्थेत गर्भ न राहणारी स्त्री बसत नाही. तिची तपासणी खासगी प्रयोगशाळेत, स्वखर्चाने आणि बहुधा बऱ्याच उशिरा होते. तोवर व्रते, नवस व अंगारे-धुपारे यांत काही वर्षे गेलेली असतात, आणि ओटी भरण्यासारख्या प्रसंगी तिला बाजूला ठेवले जाण्याचा अनुभव तिने घेतलेला असतो. पतीच्या वीर्याची साधी तपासणी राहून गेलेली असते. वस्तुतः वंध्यत्वाच्या एक तृतीयांश ते निम्म्या जोडप्यांत पुरुषातील दोषाचा वाटा असतो. थायरॉईडची गोळी सुरू करून वर्षभर वाट पाहणे आणि ही तपासणी न करणे, ही चूक शहरांतही दुर्मीळ नाही.

बुलढाणा शहरात जिल्हा सामान्य रुग्णालय असून २०२४ मध्ये तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तोपर्यंत विशेषोपचारांसाठी जिल्ह्यातील रुग्णांना अकोला, छत्रपती संभाजीनगर किंवा नागपूर येथील शासकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांकडे जावे लागत असे. कृत्रिम गर्भधारणा केंद्रांची नोंदणी २०२१ च्या सहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान (नियमन) कायद्यान्वये बंधनकारक आहे. उपचार घेणाऱ्या स्त्रीचे वय २१ ते ५० व पुरुषाचे २१ ते ५५ वर्षे असावे, अशी अट या कायद्यात आहे.